पुण्याची हवा चांगली आहे म्हणतात

हॉलमधल्या दोऱ्या परवा पुन्हा बांधल्या. एक खिडकीच्या गजापासून बेडरूमच्या दारावरच्या खिळ्यापर्यंत, दुसरी तिला समांतर, आणि तिसरी अशी की उंच माणसाला सोफ्यावर बसायला जाताना मान वाकवावीच लागते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकले. पापडांचे डबे चिकटपट्टीनं बंद केले. चामड्याच्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. पावसाळ्याच्या कामांची माझी यादी ठरलेली आहे. ती सगळी पार पाडली तरी घरातला एकही टॉवेल वाळत नाही, हेही ठरलेलं आहे.

एवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ढगांचा फोटो टाकला. खाली लिहिलंय, ‘काय मस्त हवा! फक्त पुण्यातच!’ त्याखाली अंगठे, बदाम, कुणाच्या तरी भज्यांची बशी. फोटो टाकणारे गृहस्थ घरून काम करतात. त्यांना हवा काचेतून दिसते. ती अंगावर घेऊन ज्यांना कामावर जायचं असतं ते फोटो काढत नाहीत. त्यांच्या एका हातात छत्री असते, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि लक्ष पुढच्या डबक्याची खोली किती असेल याच्यावर.

पुण्याच्या हवेबद्दल वाईट बोलायचं नाही, असा इथे एक अलिखित कायदा आहे. रस्त्यांना नावं ठेवा, रिक्षावाल्यांना ठेवा, दुपारी दुकान बंद करून झोपणाऱ्यांना तर खुशाल ठेवा. हवेला मात्र नाही. जागा लहान मिळाली, पाणी एक वेळ आलं, नोकरीला जायला दोन तास लागले, तरी माणूस शेवटी म्हणतो, “पण हवा छान आहे हो!” जणू ती त्यांनी स्वतः पिंपातून गाळून ठेवली आहे.

माझी तक्रार पावसाबद्दल नाही. पाऊस म्हणजे पाऊस. जोरात यावा, गटारं तुंबवावी, दिवे घालवावे आणि निघून जावं. कोकणात पडतो तो पाऊस. आमच्याकडे पडते ती टाळाटाळ. जुलैच्या मध्यावर आकाशाला एक रंग चढतो, धुतलेल्या पण नीट न पिळलेल्या बनियनचा. तो मग उतरतच नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांत फरक करायचा असेल तर घड्याळ बघावं लागतं. भुरभुर चालू असते. तिच्यासाठी छत्री उघडायची लाज वाटते, आणि नाही उघडली तर ऑफिसला पोचेपर्यंत पाठ भिजलेली असते. आमच्या शेजारच्या नसीमभाभी, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातल्याच, म्हणतात, “हा पाऊस म्हणजे सोसायटीची मीटिंग आहे गं. काम काही होत नाही, आणि संपतही नाही.”

एरवी मीही कुरकुर करत हे दिवस ढकलते. गेल्या वर्षी मात्र मी प्रत्येक ढगाकडे हिशेबानं बघत होते, कारण त्या पावसाळ्यावर माझं मोठं काम अडकलं होतं. मला बाबांना कायमचं पुण्यात आणायचं होतं.

बाबा सोलापूरला राहतात. सरकारी कचेरीत लिपिक होते. आई गेल्यापासून घरात एकटे. त्याआधीच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजारच्यांना हाक ऐकू जाईपर्यंत तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, एवढंच. मी तिथे पोचले तेव्हा खाटेवर बसून ते मलाच विचारत होते, “तू कशाला आलीस? शाळेला सुट्टी आहे का?” मी एका शाळेचं कार्यालय सांभाळते. चारशे मुलांचे दाखले वेळेवर देणारी बाई स्वतःच्या वडिलांची सोय लावू शकत नाही, हे मला रात्रंदिवस टोचत होतं. त्यातच माझ्या चुलत भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याला दिवाळीनंतर राहायला जागा हवी होती. बाबांचं घर त्यानं घेतलं असतं, नीट ठेवलं असतं. सगळं जुळत होतं. फक्त बाबांचा होकार हवा होता.

“आधी राहून बघतो,” बाबा म्हणाले. “वर्षावास तुझ्याकडे करतो. मग सांगतो काय ते.”

आम्हा बौद्ध घरांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने वर्षावासाचे. फार पूर्वी भिक्खू वर्षभर गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र वाट सोडून एका जागी थांबत. आता विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि घरोघरची माणसं आळीपाळीनं भन्तेंना, म्हणजे विहारातल्या भिक्खूंना, जेवायला बोलावतात. येरवड्यात आमच्या घरापासून विहार चालत जाण्याइतका जवळ. मला वाटलं, उत्तमच झालं. तीन महिने पुरेसे आहेत. शिवाय बाबांना पटवायला मी जो मुद्दा निवडला होता तो बिनतोड होता. प्रत्येक फोनवर मी तो वापरत होते. “बाबा, तिथलं ऊन तुम्हाला सोसायचं नाही आता. इथली हवा बघा!”

म्हणजे हवेची जाहिरात मीच केली होती. सोसायटीच्या ग्रुपवरच्या त्या गृहस्थांना मी कोणत्या तोंडानं हसते कोण जाणे.

बाबा आले ते कडक भाकरीची चळत घेऊन. सोलापूरची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ आणि खुटखुटीत वाळवलेली. महिनोन्‌महिने टिकते, बोटानं टिचकी मारली तर वाजते. बाबांचा रात्रीचा जेवणाचा क्रम तिच्यावर उभा आहे. भाकरी, शेंगांची चटणी, कच्चा कांदा. पहिल्या रात्री त्यांनी भाकरी मोडली तो आवाज हॉलमध्ये घुमला. दोन दिवसांनी मोडली तेव्हा आवाज आला नाही. भाकरी वाकली. बाबांनी ती उचलून दिव्याकडे धरली आणि तिच्या आरपार माझ्याकडे बघितलं.

“सादळली,” ते म्हणाले.

“डब्यात ठेवते घट्ट झाकणाच्या,” मी म्हटलं.

घट्ट झाकणाच्या डब्यात ती अधिक घट्ट सादळली. मी तव्यावर गरम केली, ती कडेनं जळली. मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तेव्हा जे बाहेर आलं त्याचा चपलेला तळ लावता आला असता. विलास, माझे यजमान, म्हणाले, “फ्रिजमध्ये ठेवून बघ.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी उरलेला आठवडाभर भाकरीबद्दल मत दिलं नाही.

“काय बघायचं राहिलं आता?” बाबा म्हणाले. “भाकरीला जी हवा मानवत नाही ती मला मानवेल, असं तुझं म्हणणं?”

हसत म्हणाले, पण मला ते निकालपत्रासारखं लागलं. आणि मग मी जे करते तेच केलं. कामाला लागले. बाबांच्या खोलीत पांढरा झगझगीत दिवा लावला. पाय दुखतात म्हणून शेकायची पिशवी आणली. सकाळी चालायचं असतं म्हणून खालच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मधून, कोरडी वाट शोधून दिली. नव्या छत्रीवर त्यांचं नाव घातलं. आणि रोज शाळेतून आल्यावर, ओली ओढणी झटकता झटकता, विचारत राहिले, “आवडतंय ना बाबा?”

“छान आहे,” बाबा म्हणत. बाहेर बघत.

सोलापूरला त्यांची सकाळ दारातल्या खुर्चीवर उजाडते. उन्हाचा पट्टा पायांवर आला की वर्तमानपत्र उघडायचं, गुडघ्यांपर्यंत चढला की चहा, आणि डोळ्यांवर आला की खुर्ची आत. त्या वेळात गल्लीतला प्रत्येक माणूस त्यांना काही ना काही सांगून जातो. इथे चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या हिरवट पडलेल्या भिंती, आणि त्यांच्यावर तोच बनियनचा रंग. पहिले काही दिवस ते विनोद करत. सकाळी विचारायचे, “आज उजाडायचं आहे का रद्द झालं?” विलास भिजून घरी आले की म्हणायचे, “या विलासराव, पोहायला गेला होता का?” विलास हिंजवडीत एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहेत. येरवड्याहून तिथे रोज जाणं हेच मुळात एक प्रकरण आहे, आणि पावसात कंपनीच्या बसमध्ये बसलेला माणूस कधी घरी येईल हे बसलाही माहीत नसतं. “बाबा,” विलास सोफ्यात कोसळून म्हणायचे, “पोहता आलं असतं तर लवकर आलो असतो.”

मग धरणातून पाणी सोडलं, नदीकाठचे रस्ते बंद झाले, आणि आभाळ तर खाली येऊन गच्चीलाच टेकल्यासारखं झालं. बाबांचे विनोद थांबले. मला काळजी लागली ती तेव्हा. ते तक्रार करत असते तर मी तिचं काहीतरी केलं असतं. ते नुसते खाटेवर पाय वर घेऊन बसायचे. दुपारी दिवा लावला तर म्हणायचे, “राहू दे गं, उगाच.” विहारातही दोन-तीनदा गेले असतील. “ओलं जायचं, ओलं बसायचं, ओलं यायचं,” म्हणून मग तेही सोडलं.

याच सुमाराला शाळेतली आमची एक कारकून मुलगी राजीनामा देऊन नागपूरला परत गेली. कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. निघताना मला हळूच म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? सकाळी उठावंसंच वाटत नाही हो. आमच्याकडे कसं, ऊन तरी डोळे उघडायला लावतं.” असं कारण कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही. बदली, पगार, लग्न, आईची तब्येत, ही चालणारी कारणं. आभाळ हे कारण चालत नाही. माणूस शहर सोडतो तेव्हा त्यात आभाळाचा वाटा किती, हे कुणी कुणाला सांगत नाही. पण असतो. तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी मनात म्हटलं, बाबा पण जाणार.

आणि गंमत म्हणजे, मीही कधी काळी सोलापूरहूनच इथे लग्न होऊन आले. पहिल्या पावसाळ्यात ओल्या उशीवर डोकं ठेवून मी विचार करत असे, की ही माणसं याला हवा का म्हणतात? सासूबाई म्हणायच्या, “होईल सवय.” सवय झाली, हे खरं. पण ती हवेची झाली नाही. कुठला वाणी ओले कपडे बघून पाट पुढे सरकवतो, कुठल्या आडव्या गल्लीतून गेलं की पाणी साचत नाही, कुणाच्या घरी लाईट जात नाही आणि जाऊन बसता येतं, या सगळ्याची झाली. बाबांकडे यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त हवा होती, मी कौतुक करून दिलेली. आणि ती सादळलेली निघाली.

आमची भोजनदानाची पाळी श्रावणात आली. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे सगळं त्याच्या आत व्हायला हवं. मी रजा टाकली, वेळापत्रक आखलं आणि पहाटे उठून बघते तर पावसाचा रंग वेगळाच. भुरभुर नव्हे, धो धो. सकाळीच लाईट गेले. हॉलभर तीन दोऱ्यांवर दोन दिवसांचे ओले कपडे लोंबत होते, त्यात बाबांचे लेंगे, विलासच्या बनियनी, सगळं खानदान.

“भन्ते यांच्या खालून वाकून येणार का?” मी ओरडले.

“नम्रता येते त्यानं,” बाबा खोलीतून म्हणाले. खूप दिवसांनी बोलले होते, आणि नेमके तेव्हा.

शेवटी नसीमभाभींनी त्यांचं दार उघडलं. आम्ही दोघींनी ओल्या कपड्यांचे भारे त्यांच्या हॉलमध्ये नेऊन टाकले. त्यांच्याही दोऱ्या भरलेल्या होत्या. “टाक गं, टाक,” त्या म्हणाल्या, “तुझं ओलं आणि माझं ओलं, काय फरक पडतो? फक्त विलासभाईंचे आमच्या कपाटात जाऊ देऊ नको.”

भन्ते आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. तरुण होते, लातूरकडचे. विलासनी त्यांना विहारातून छत्री धरून आणलं होतं, आणि त्या छत्रीचा उपयोग दोघांनाही झालेला दिसत नव्हता. मी पाय पुसायला टॉवेल दिला. देताना लक्षात आलं की टॉवेल त्यांच्या पायांइतकाच ओला आहे. मला रडू यायचं बाकी होतं.

“माफ करा भन्ते, काही वाळतच नाही,” मी म्हटलं.

“माझं चीवर कुठे वाळतं?” भन्ते म्हणाले. “ओलंच नेसतो. अंगावर वाळतं थोडं थोडं, मग परत पाऊस येतो.”

त्रिशरण, पंचशील झालं. मेणबत्त्यांच्या उजेडात मी वाढायला घेतलं. भात, आमटी, दोन भाज्या, खीर. तेवढ्यात बाबा उठले, आत गेले आणि कडक भाकरीचा डबा घेऊन आले. मी डोळ्यांनी नाही नाही म्हणत होते. त्यांनी एक लोंबकळणारी भाकरी भन्तेंच्या ताटात ठेवली.

“सोलापूरची आहे भन्ते. कडक होती. इथे येऊन अशी झाली.”

भन्तेंनी भाकरी आमटीत बुडवली, कुस्करली आणि खाल्ली. आम्ही सगळे बघत होतो. बाबा तर परीक्षेला बसल्यासारखे.

“आमटी छान आहे,” भन्ते म्हणाले.

बाबांना हसू आलं. मग त्यांनी पुढे सरकून विचारलं, “भन्ते, खरं सांगा. तुम्हाला आवडतं का इथे? हे असं, ऊन नाही, काही नाही?”

मी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले. हा माझा प्रश्न होता. रोज संध्याकाळी मी विचारत होते तोच.

“वर्षावासात आवडतं का हे विचारत नाहीत, काका,” भन्ते म्हणाले. “जिथे बसलो तिथे बसलो. आवडायला पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.”

बाबा हसले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, आई असताना हसायचे तसे. “ऐकलंस का?” मला म्हणाले. “आवडायला पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही!”

मी म्हटलं होतं. तीन महिन्यांसाठी आलेल्या माणसाला मी रोज संध्याकाळी पुण्याला गुण द्यायला लावत होते. विषय हवा, आणि हवेला तर काठावरही पास करता येत नव्हतं. ते खोटं बोलून मार्क देत होते आणि थकत होते. मी पातेलं खाली ठेवलं.

निघताना भन्ते बाबांना म्हणाले, की विहारात वाचन करणाऱ्या काकांचा घसा या हवेनं बसला आहे, तुम्ही वाचाल का? बाबांनी कचेरीत आयुष्यभर कागद मोठ्यानं वाचून दाखवले. साहेबांना डोळ्यांपेक्षा कान चालवणं सोयीचं होतं. त्या संध्याकाळी ते मी नाव घातलेली छत्री घेऊन गेले आणि उशिरा आले. लेंगा पोटरीपर्यंत ओला.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

न विचारणं हे फार कष्टाचं काम आहे. ते कुठल्याही यादीत लिहिता येत नाही आणि झालं म्हणून खूण करता येत नाही. त्यानंतरचे सगळे दिवस तसेच होते, ओले, करडे, चिकट. बाबांचे गुडघे दुखतच राहिले. ते हवेला शिव्या देत उठायचे, शिव्या देत जेवायचे. पण संध्याकाळ झाली की पांढरा सदरा चढवून निघायचे. विहारात एक निवृत्त पोस्टमन त्यांचे मित्र झाले. वाचन संपलं की ते दोघे वाण्याच्या पत्र्याखाली उभे राहून, पाऊस थांबायची वाट बघतो असं सांगून, पाऊस थांबल्यावरही उभे असायचे. मी एकदा दूध आणायला गेले तेव्हा ऐकलं. पोस्टमन विचारत होते, “सोलापूरला परत जाणार का?” बाबा म्हणाले, “या चिखलात कोण जातं?” मी दूध न घेताच आनंदात घरी आले.

माझा अंदाज पक्का झाला. मी त्यांच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं. चुलत भावाच्या मुलाला फोनवर म्हटलं, “बहुतेक जमेल.”

आणि आश्विन पौर्णिमा झाली. आभाळ एका दिवसात निघून गेलं, उसन्या घेतलेल्या गादीसारखं. ऊन असं पडलं की डोळे मिटावे लागले. सगळी इमारत गच्चीवर. गाद्या, उशा, गोधड्या, डाळी, मसाले, पोरांची दप्तरं. संध्याकाळी गार वारा, सकाळी हलकं धुकं. ती हवा आली, जिच्याबद्दल सगळे बोलतात. बाबा गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय उन्हात सोडून बसले होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, आता विचारायची गरजच नाही.

“नंदा,” ते म्हणाले, “रविवारचं तिकीट बघ.”

“कुठलं?”

“सोलापूरचं. आणखी कुठलं?”

“आता?” माझा आवाज गच्चीभर गेला. नसीमभाभी मिरच्या पसरायच्या थांबल्या. “एवढा पावसाळा काढलात, आणि आता जाताय? आता तर हवा चांगली झाली!”

“म्हणून तर निघतो. पाऊस संपला की निघायचं असतं.”

“ते भिक्खूंनी.”

“मग मी काय तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे?”

“बाबा, मस्करी नको. त्या पोराला मी काय सांगू? घराचं?”

“सांग, घर रिकामं नाही. माणूस राहतो त्यात.”

“आणि परत पडलात तर?”

“पडायला तुझ्याकडेही ओली फरशी आहे.”

मी चिडले होते. भाभी उठून आल्या, माझ्या हातात मिरच्यांचं सूप दिलं आणि म्हणाल्या, “पसर. हात चालू दे.” मी मिरच्या पसरायला लागले. बाबा आपले पाय हलवत उन्हाकडे बघत होते.

“ऐक,” ते म्हणाले. “चांगल्या हवेत मला कुणी लागत नाही. दारात खुर्ची टाकली की झालं. या तुमच्या असल्या हवेतच माणसं लागतात. आषाढी पौर्णिमेच्या आधी येतो. वर्षावास इथेच.”

“म्हणजे मला तुम्ही पावसाळ्यातच मिळणार?”

“बाकीचे नऊ महिने फोन आहे.”

मी अटी घातल्या. न्हाणीघरात धरायला कठडा, शेजाऱ्यांकडे किल्ली, रोज सकाळी फोन. त्यांनी कठडा आणि किल्ली मान्य केली, फोनवर घासाघीस केली आणि एक दिवसाआड यावर आणून ठेवलं. पोराला मी कळवलं. तो बिचारा ‘बरं’ म्हणाला. त्याच्या आईनं मात्र मला जे ऐकवलं त्यात ‘बहुतेक’ हा शब्द बऱ्याच वेळा आला. रविवारी स्टेशनवर अशी स्वच्छ सकाळ होती, की अनोळखी माणसं एकमेकांना हवेबद्दल सांगत होती. गाडी हलली. बाबांनी खिडकीतून हात केला, उन्हाच्या बाजूची जागा मिळाली होती त्यांना. मला ती हवा बघवत नव्हती.

आता लोक विचारतात, वडील कधी येतात? दिवाळीत बोलवा ना, जानेवारीत बोलवा, काय सुंदर हवा असते! मी सांगते, नाही, ते वाईट हवेत येतात. ऐकणाऱ्याला वाटतं मी पुणेरी खोचकपणा करते आहे. दुसऱ्यांचे आईवडील येतात तेव्हा घरं उजळलेली असतात, सहली निघतात, बागेत फोटो काढले जातात. माझे येतात तेव्हा घरात बुरशीचा वास असतो, पाहुण्यानं मान वाकवून हॉल ओलांडायचा असतो, आणि कणीक मळताना हात पुसायला कोरडं फडकं नसतं. असली वाटणी मी कधी केली नसती. पण मला विचारतो कोण?

ते गेल्या आठवड्यात आले. या वेळी भाकरी आणली नाही. “आमटी छान असते तुझी,” म्हणाले.

आज रविवार. दुपारचं जेवण उरकून बाबा खोलीत पेपर घेऊन पडले होते, मी हॉलमध्ये, तिसऱ्या दोरीखाली, उद्याची तयारी करत होते. अचानक फरशीवर एक पिवळी चौकट उमटली. मला क्षणभर कळलंच नाही ते काय आहे. जिन्यात धावाधाव सुरू झाली, बादल्यांचे आवाज, दारं आपटली. नसीमभाभी दारातून ओरडल्या, “अगं नंदा, ऊन! कपडे घे, चल वर! काय बघत बसलीस?”

मला इतका राग आला त्या उन्हाचा. अजून महिनेच्या महिने आहेत, मला माहीत आहे. आत्ता कुठे आषाढ चालू आहे. तरीही.

“राहू द्या भाभी,” मी म्हटलं.

“राहू द्या? तुझे कपडे परवापासून लोंबतायत!”

खोलीतून पेपर बाजूला सारल्याचा आवाज आला. “काय गं, ऊन पडलं का?” बाबांनी विचारलं.

“छे,” मी म्हटलं. आणि उठून त्यांच्या खोलीत गेले, खिडकीचा पडदा ओढून घेतला.